फ्रान्सिस्कन संघ नेमका कधी स्थापन झाला?

प्रश्न असा आहे: असिसीच्या संत फ्रान्सिसने सुरू केलेल्या संघाचं स्थापनावर्ष एका पुस्तकात १२०९, दुसऱ्यात १२१० आणि तिसऱ्यात १२२३ दिलेलं असतं. खरं कुठलं? आणि फ्रान्सिसला मुळात संघ काढायचाच नव्हता, रोमने तो त्याच्या हातून काढून घेतला, असंही सांगितलं जातं; त्यात तथ्य किती?

मध्ययुगीन चर्चचा इतिहास शिकवणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. आधी थोडक्यात उत्तर देतो. पोप इनोसंट तिसरा याने फ्रान्सिसला तोंडी परवानगी दिली ते वर्ष १२०९. काही अभ्यासक ती भेट १२१० मधली धरतात, म्हणून दुसरा आकडा. पोप होनोरियस तिसरा याने संघाची नियमावली लेखी फर्मानाने कायम केली ते १२२३. दोन्ही घटना खऱ्या आहेत. खुद्द फ्रान्सिस्कनांनी २००९ मध्ये संघाची आठशे वर्षं साजरी केली आणि २०२३ मध्ये नियमावलीची. पण एकच वर्ष निवडा म्हणालात तर मी या दोन्हींपैकी एकही घेणार नाही. मी १२२० म्हणेन. परीक्षेत हे लिहू नका, गुण जातील. पण मी तसं का म्हणतो हे सांगितल्याशिवाय तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालता येत नाही.

त्या काळी संघ स्थापन व्हायचा कसा, ते आधी बघा. १०९८ मध्ये मोलेमचा रॉबर्ट काही मठवासींना घेऊन बर्गंडीतल्या सितोला गेला आणि सिस्टर्शियन संघाची सुरुवात झाली. तिथे जमीन होती, ती देणारा सरदार होता, मठाधिपती होता, आणि पाळायला संत बेनेडिक्टची साडेपाचशे वर्षं जुनी नियमावली होती. अशा स्थापनेचा दिवससुद्धा सांगता येतो. फ्रान्सिसकडे यातलं काही नव्हतं आणि असावं अशी त्याची इच्छाही नव्हती. १२२६ मध्ये, मरणाच्या थोडं आधी, त्याने सांगून लिहवून घेतलेलं मृत्युपत्र आपल्याकडे आहे. सुरुवातीबद्दल तो त्यात म्हणतो: प्रभूने मला भाऊ (म्हणजे या वाटेवरचे साथीदार) दिल्यावर मी काय करावं हे मला कोणीच दाखवलं नाही, परात्पर देवानेच मला प्रकट केलं की पवित्र शुभवर्तमानाप्रमाणे (म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राप्रमाणे आणि शिकवणीप्रमाणे) जगावं, मी ते थोड्या साध्या शब्दांत लिहवून घेतलं आणि पोपने ते मला कायम करून दिलं. संस्थापक म्हणून सांगायचं ते त्याने इथेच संपवलं आहे.

त्याची आधीची हकिगत बहुतेकांना माहीत असते, म्हणून भरभर पुढे जातो. जन्म ११८१ किंवा ११८२, इटलीच्या अंब्रिया भागातल्या असिसी गावात. बाप पिएत्रो दि बर्नार्दोने कापडाचा व्यापारी, चांगला गबर. १२०२ मध्ये असिसी आणि शेजारचं पेरूजा यांच्यात लढाई झाली. फ्रान्सिस पकडला गेला आणि सुमारे वर्षभर कैदेत राहिला. १२०५ च्या सुमारास लढाईत नाव कमवायला दक्षिणेकडे निघाला, पण स्पोलेतोहूनच मागे फिरला. कुष्ठरोग्यांमध्ये जाणं, सान दामियानोच्या पडक्या चर्चची डागडुजी, त्यासाठी फोलिन्योच्या बाजारात बापाचं कापड घोड्यासकट विकून टाकणं, हे सगळं त्यानंतरचं.

बापाने केलेल्या दाव्यापाशी मात्र जरा थांबायला हवं, कारण त्यात कायद्याचा एक मुद्दा आहे. पिएत्रो आधी गावच्या कारभाऱ्यांकडे गेला. फ्रान्सिसने त्यांना कळवलं की मी आता देवाच्या सेवेत आहे, तुमची सत्ता माझ्यावर चालत नाही. कारभाऱ्यांनी ते मान्य केलं आणि अंग काढून घेतलं. म्हणून प्रकरण बिशप ग्विदोपुढे गेलं. तिथे फ्रान्सिसने पैसे परत केले, अंगावरचे कपडेही उतरवून बापापुढे ठेवले, आणि बिशपने त्याला आपल्या झग्याखाली घेतलं. चित्रकारांनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा रंगवला आहे. माझ्या दृष्टीने त्यातली कामाची गोष्ट ही, की १२०६ पासून हा माणूस प्रायश्चित्ताचं व्रत घेतलेला म्हणून चर्चच्या अखत्यारीत आला. पुढे रोममध्ये त्याच्यासाठी दार उघडलं तेही याच ग्विदोने.

माणसं यायला लागली ती १२०८ मध्ये. पहिला बर्नार्दो दा क्विंतावाल्ले, गावातला पैसेवाला. दुसरा पिएत्रो कत्तानी, कायदा जाणणारा. या दोघांना घेऊन फ्रान्सिस गावातल्या सान निकोलो चर्चमध्ये गेला आणि शुभवर्तमानाचा ग्रंथ तीनदा उघडला. पहिल्यांदा वचन निघालं: पूर्ण व्हायचं असेल तर जा, तुझं असेल ते विकून गोरगरिबांना दे. दुसऱ्यांदा: वाटेसाठी काहीही घेऊ नका. तिसऱ्यांदा: माझ्यामागे यायचं असेल त्याने स्वतःला नाकारावं आणि आपला क्रूस उचलावा. यातल्या दुसऱ्या वचनावर खूण करून ठेवा, पुढे ते लागणार आहे. बर्नार्दोने आपलं सगळं विकून वाटून टाकलं. थोड्याच दिवसांत एजिदिओ आला, मग आणखी काही जण, आणि फ्रान्सिस धरून बारा झाल्यावर ते रोमला निघाले.

रोमला जाणं धोक्याचं होतं. ल्योंचा व्यापारी वाल्डो यानेही साधारण ११७३ मध्ये हेच केलं होतं: मालमत्ता वाटून टाकली, शुभवर्तमान लोकांच्या भाषेत उतरवून घेतलं, अनवाणी फिरत उपदेश सुरू केला. ११७९ मध्ये पोप अलेक्झांडर तिसऱ्याने त्याच्या दारिद्र्याचं कौतुक केलं, पण स्थानिक धर्मगुरूंच्या परवानगीशिवाय उपदेश करू नका अशी अट घातली. वाल्डोच्या माणसांनी ती पाळली नाही आणि ११८४ मध्ये त्यांना पाखंडी ठरवण्यात आलं. इनोसंट तिसऱ्याने त्यावरून धडा घेतला होता. १२०१ मध्ये त्याने लोम्बार्दीतल्या हुमिलियाती नावाच्या गटांना चर्चमध्ये सामावून घेतलं, १२०८ मध्ये हुएस्काच्या ड्युरँडला, म्हणजे वाल्डोच्याच एका जुन्या अनुयायाला, साथीदारांसह परत घेतलं. तेव्हा अनवाणी बारा जण दारात आले यात पोपला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. असली प्रकरणं त्याने आधी हाताळली होती.

कार्डिनल जोव्हान्नी दि सान पाओलो याने आधी फ्रान्सिसला चाचपून पाहिलं: एखाद्या चालू मठात जा, नाहीतर एकांतवासी हो. तो काही बधला नाही. मग हे जगणं माणसाला झेपणार नाही असा आक्षेप इतर कार्डिनलांनी घेतला. त्यावर, पुढे संघाचा महाप्रमुख झालेल्या बोनाव्हेंचरने लिहिलेल्या फ्रान्सिसच्या चरित्रानुसार, याच कार्डिनलने असं उत्तर दिलं की शुभवर्तमानाप्रमाणे जगणं अशक्य आहे असं आपण म्हटलं तर ती ख्रिस्ताचीच निंदा होईल. बिनतोड युक्तिवाद. लॅटरनची बॅसिलिका, म्हणजे रोममधलं पोपचं स्वतःचं चर्च, कोसळत असताना एक फाटका माणूस तिला खांदा देतोय असं स्वप्न पोपला पडल्याची गोष्ट याच वेळची. तेच स्वप्न डॉमिनिकन संघाचा संस्थापक संत डॉमिनिक याच्या चरित्रातही येतं. स्वप्न एक, संत दोन. तेव्हा इतिहासकाराने त्यावर फार भार टाकू नये.

आता या भेटीत मिळालं काय, ते पाहा. पोपने तोंडी संमती दिली. लोकांना पश्चात्तापाचा उपदेश करण्याची मुभा दिली; धर्मसिद्धांतावर बोलण्याची नव्हे. फ्रान्सिसने पोपला आज्ञापालनाचं वचन दिलं आणि बाकीच्यांनी फ्रान्सिसला. टाळूवरचे केस भादरले गेले, म्हणजे चर्चचा शिक्का बसला. सांभाळून ठेवावा असा कागद मात्र एकही मिळाला नाही. फ्रान्सिसने सोबत नेलेला मसुदाही आज उपलब्ध नाही. परत येऊन हे लोक असिसीजवळ रिव्होतोर्तोला एका छपरीत राहिले. ती इतकी अरुंद होती की प्रार्थनेला आणि झोपायला कोणी कुठे, हे कळावं म्हणून फ्रान्सिसने आढ्याच्या तुळयांवर एकेकाचं नाव लिहिलं होतं. एक दिवस एका शेतकऱ्याने आपलं गाढव त्या छपरीत घुसवलं आणि हे लोक वाद न घालता तिथून उठले. मग पोर्त्सिउंकोला, म्हणजे सुबासिओ डोंगरावरच्या बेनेडिक्टाइन मठाच्या मालकीचं लहानसं चर्च, हा त्यांचा ठिय्या झाला. १२०९ मध्ये स्थापन झाला तो संघ तुळयांवर नावं मावतील एवढा होता.

मग १२०९ ला एवढं महत्त्व का? ते १२१५ मुळे. त्या वर्षीच्या चौथ्या लॅटरन परिषदेने तेरावा नियम केला: धर्मसंघांची फार विविधता झाली की गोंधळ माजतो, म्हणून यापुढे कोणी नवा संघ काढू नये, नवा मठ काढायचाच असेल तर आधीच मान्य असलेल्या नियमावल्यांपैकी एक घ्यावी. डॉमिनिक या नियमात अडकला. त्याने संत ऑगस्टीनची नियमावली स्वीकारली आणि डिसेंबर १२१६ मध्ये मान्यता मिळवली. फ्रान्सिसला ना बेनेडिक्टची हवी होती ना ऑगस्टीनची. त्याच्या बाजूने एकच गोष्ट होती: इनोसंटने परिषदेच्या आधीच होकार दिला होता. ज्या तोंडी होकाराला १२०९ मध्ये कोणी फारसं विचारलं नसतं, तो आता अख्ख्या संघाचा आधार ठरला. स्थापनेचं वर्ष म्हणून फ्रान्सिस्कन १२०९ का धरून बसतात, ते यावरून कळेल.

याच दरम्यान, १२१२ च्या (काहींच्या मते १२११ च्या) झावळ्यांच्या रविवारी रात्री, असिसीच्या खानदानी घरातली क्लारा घर सोडून पोर्त्सिउंकोलाला आली. तिचे केस कापले गेले आणि पुढे ती सान दामियानोत राहिली. तिची कथा स्वतंत्र उत्तराची आहे. इथे एवढंच सांगतो की स्वतःच्या शब्दांतल्या नियमावलीवर पोपचं फर्मान मिळवायला तिला ९ ऑगस्ट १२५३ पर्यंत थांबावं लागलं, आणि ११ ऑगस्टला ती वारली.

आता संख्या वाढली आणि अडचणी सुरू झाल्या. १२१७ मध्ये पेंटेकोस्टच्या (ईस्टरनंतरच्या पन्नासाव्या दिवसाच्या सणाच्या) महासभेने संघाचे प्रांत पाडले आणि भावांना इटलीबाहेर पाठवायला सुरुवात केली. पुढच्या एक-दोन वर्षांत जे झालं ते आपल्याला जियानोच्या जोर्दानो या भावाच्या बखरीतून कळतं. त्याने ती म्हातारपणी, १२६२ मध्ये, हाल्बरश्टाटला सांगितली. माझा हा सगळ्यांत आवडता साक्षीदार. चमत्कार कमी सांगतो आणि फजिती जास्त. १२१९ मध्ये साठेक भाऊ जर्मनीला गेले, जर्मन कोणालाच येत नव्हतं. राहायला-जेवायला हवं का, असं लोकांनी विचारलं तर ते ‘या’ म्हणाले, म्हणजे ‘हो’. पाहुणचार झाला. या शब्दाने काम होतं असं पाहून त्यांनी ठरवलं, काहीही विचारलं तरी ‘या’ म्हणायचं. पुढे कोणी विचारलं, तुम्ही पाखंडी आहात का, लोम्बार्दी बिघडवली तशी जर्मनी बिघडवायला आलात का? यांचं उत्तर तयारच होतं. काहींना मार बसला, काही तुरुंगात गेले, काहींना उघडं करून लोकांपुढे तमाशा केला.

हंगेरीत गेलेल्यांचे हाल याहून वाईट. मेंढपाळांनी अंगावर कुत्री सोडली, पराण्या टोचल्या. भावांना वाटलं यांना आपले झगे हवे असतील, म्हणून वरचे दिले. टोचणं थांबेना, म्हणून आतलेही दिले. तरी थांबेना, तेव्हा तुमानीही दिल्या. त्यांच्यातल्या एकाच्या तुमानी इतक्यांदा गेल्या की शेवटी तो तुमानीला शेण फासून ठेवायला लागला. मग कोणी घेईना. फ्रान्समध्ये गेलेल्यांना विचारलं, तुम्ही अल्बिजेन्शियन का? त्यांना त्या पाखंडाचं नावही माहीत नव्हतं, त्यामुळे हो म्हणाले. होनोरियसने बिशपांना उद्देशून ‘ही माणसं कॅथलिकच आहेत’ असं पत्र दिलं ते याच पार्श्वभूमीवर. रोमने आपली पकड बसवण्यासाठी कागदपत्रं लादली, असं ज्यांना वाटतं त्यांनी जोर्दानो वाचावा. कागद नव्हते म्हणून भाऊ मार खात होते.

खुद्द फ्रान्सिस १२१९ मध्ये पाचव्या धर्मयुद्धाच्या सैन्यामागोमाग इजिप्तला, दमिएत्ताला गेला. युद्धरेषा ओलांडून तो सुलतान अल-कामिलला भेटला आणि सुखरूप परत आला. त्याच्या गैरहजेरीत इटलीचा कारभार त्याने दोन प्रतिनिधींवर सोपवला होता, नार्नीचा मातेओ आणि नेपल्सचा ग्रेगोरिओ. त्यांनी काही वडीलधाऱ्या भावांची सभा घेऊन मांसाबद्दल आणि उपासांबद्दल जादा नियम केले, जुन्या मठांच्या धर्तीवर. फिलिप नावाच्या भावाने क्लाराच्या भगिनींना त्रास देणाऱ्यांना चर्चबाहेर टाकण्याचा अधिकार रोमहून मिळवला. कापेल्लाच्या जोव्हान्नीने कुष्ठरोगी स्त्रीपुरुष गोळा करून वेगळाच संघ काढला आणि मान्यता मागायला निघाला. त्यात फ्रान्सिस मेला अशी आवई उठली.

एक साधा भाऊ वैतागून, कोणालाही न विचारता, ते नवे नियम घेऊन समुद्रापार फ्रान्सिसकडे गेला. जोर्दानो सांगतो, फ्रान्सिस आणि पिएत्रो कत्तानी जेवायला बसले होते, पुढ्यात मांस होतं, आणि नियम वाचून कळलं की आज मांस खायचं नाही. फ्रान्सिसने विचारलं, पिएत्रोसाहेब, काय करायचं? (पिएत्रो शिकलेला म्हणून फ्रान्सिस त्याला आदराने हाक मारी.) पिएत्रो म्हणाला, तुम्हाला वाटेल ते करा, अधिकार तुमचा आहे. फ्रान्सिस म्हणाला, मग शुभवर्तमानात सांगितल्याप्रमाणे जे पुढे वाढलंय ते खाऊ या. दोघं जेवले आणि लवकरच इटलीकडे निघाले.

आता नीट पाहा, परत आल्यावर १२२० मध्ये फ्रान्सिस कुठे गेला. त्या प्रतिनिधींकडे नाही, थेट पोपकडे. जोर्दानोने दिलेले त्याचे शब्द असे आहेत: तुम्ही मला पुष्कळ पोप दिले आहेत, त्यांतला एक द्या, ज्याच्याशी गरज पडेल तेव्हा बोलता येईल. पोपने विचारलं, कोण हवा? फ्रान्सिसने ओस्तियाच्या बिशपचं, कार्डिनल उगोलिनोचं नाव घेतलं. जादा नियम आणि फिलिपने मिळवलेले अधिकार रद्द झाले, जोव्हान्नीचा संघ मोडला. संघाचा संरक्षक म्हणून रोमचा माणूस फ्रान्सिसने स्वतः मागून घेतला, हे ध्यानात ठेवा.

आणि त्याच वर्षी २२ सप्टेंबरला होनोरियसचं फर्मान निघालं: यापुढे संघात येणाऱ्याने आधी एक वर्ष उमेदवारी करावी, ज्याला आज आपण नोव्हिशिएट म्हणतो, व्रत घेतल्यावर संघ सोडता येणार नाही, वरिष्ठांच्या आज्ञेबाहेर झगा घालून भटकता येणार नाही. दिसायला हे साधं प्रशासकीय कलम आहे. पण तोवर पद्धत अशी होती की माणूस यायचा, असेल ते गोरगरिबांना वाटायचा, झगा आणि कमरेची दोरी घ्यायचा आणि त्या दिवसापासून भाऊ व्हायचा. फ्रान्सिस त्याला स्वतः पाहायचा. या फर्मानानंतर आत येणारा माणूस फ्रान्सिसकडे येत नव्हता, संस्थेत येत होता. संस्थापकाची ओळख नसली तरी चालेल, वर्ष पूर्ण झालं पाहिजे. संघ जन्मला तो या दिवशी, असं मी म्हणतो ते यासाठी.

जवळपास त्याच वेळी फ्रान्सिसने पद सोडलं. भावांच्या सभेत तो म्हणाला की यापुढे मी तुमच्यासाठी मेलो, हा पिएत्रो कत्तानी, मी आणि तुम्ही सगळे याची आज्ञा पाळू. पिएत्रो १० मार्च १२२१ ला वारला. पोर्त्सिउंकोलाच्या बाहेरच्या भिंतीवर त्याचा शिलालेख आहे. त्याच्या जागी एलियास नावाचा भाऊ आला. तब्येत हे पद सोडण्याचं एक कारण होतंच. इजिप्तहून फ्रान्सिस डोळ्यांचा आजार घेऊन आला होता. पण तब्येतच कारण असती तर त्याने नियमावली लिहिण्याचं कामही सोडलं असतं. ते त्याने सोडलं नाही.

पहिला मोठा मसुदा १२२१ चा. लांबलचक, जागोजागी वचनं पेरलेला. ती वचनं बसवायला शास्त्र शिकलेला स्पायरचा सेझारियुस मदतीला होता. वाचताना प्रार्थना कुठे संपते आणि नियम कुठे सुरू होतो ते कळत नाही. रोममध्ये तो कायम झाला नाही. त्याच वर्षीच्या पेंटेकोस्टच्या सभेला तीन हजार भाऊ जमले होते असं जोर्दानो सांगतो. सभेच्या अखेरीस जर्मनीला पुन्हा माणसं पाठवायचं ठरलं आणि नव्वदेक जण उभे राहिले. जोर्दानोला वाटलं, हे सगळे हुतात्मे होणार, तेव्हा आधीच ओळख करून घ्यावी, म्हणजे पुढे सांगता येईल की मी यांना भेटलो होतो. नावं विचारत फिरत असताना पाल्मेरियुस नावाच्या थट्टेखोर भावाने त्याला पकडून ठेवलं: तू आमच्यातलाच, तूही चल. तो नको नको म्हणत राहिला आणि शेवटी एलियासच्या आज्ञेने जर्मनीला गेला. आयुष्यभर तिथेच राहिला, म्हणून ही बखर आपल्याला मिळाली.

दुसरा मसुदा रिएतीजवळच्या फोंते कोलोम्बोच्या डोंगरात तयार झाला. २९ नोव्हेंबर १२२३ ला होनोरियसने तो फर्मानात घालून कायम केला. बारा प्रकरणं, आटोपशीर, वकिलाला वाचता येईल अशी. मूळ फर्मान आजही असिसीत जपून ठेवलेलं आहे. नाणी किंवा पैसा स्वतः किंवा मध्यस्थामार्फत कोणत्याही प्रकारे घेऊ नये, घर, जागा, कुठलीही वस्तू आपली म्हणू नये, हा फ्रान्सिसचा गाभा त्यात शाबूत आहे. पण तुम्ही खूण करून ठेवलेलं वचन शोधा: वाटेसाठी काहीही घेऊ नका. १२२१ च्या मसुद्यात ते आहे. १२२३ च्या नियमावलीत नाही. सान निकोलोत ग्रंथ उघडून मिळालेल्या तीन वचनांपैकी एक गळलं. हजारो भाऊ, त्यांतले काही विद्यार्थी, काही आजारी, काही आल्प्सपलीकडे. ते वचन अक्षरशः पाळणं कायद्यात बसवता येत नव्हतं.

तर रोमने संघ काढून घेतला का? माझं उत्तर: नाही, पण फ्रान्सिसच्या वाट्याला जे आलं ते त्याहून अवघड होतं. ज्याला त्याने स्वतः मागून घेतलं, त्याच उगोलिनोने पुढे पोप ग्रेगरी नववा म्हणून १२२८ मध्ये त्याला संत घोषित केलं. आणि त्याच ग्रेगरीने २८ सप्टेंबर १२३० च्या फर्मानात जाहीर केलं की फ्रान्सिसचं मृत्युपत्र भावांवर बंधनकारक नाही. मृत्युपत्रात फ्रान्सिसने बजावलं होतं की नियमावलीवर भाष्यं लिहू नका, रोमकडून सवलतींची पत्रं मागू नका. ग्रेगरीने त्याच फर्मानात भाष्यही केलं. पैशाची वाट अशी काढली: भावांनी नाणं घ्यायचं नाही, पण दाता आपला एक माणूस नेमू शकतो, तो माणूस दात्याच्या वतीने वस्तूंचे पैसे चुकते करील. म्हणजे तो भावांचा मध्यस्थ नव्हे, दात्याचा हस्तक. कायद्याच्या दृष्टीने चोख. मला फ्रान्सिसचा हेतू माहीत आहे, नियमावली लिहिताना आणि मंजूर करून घेताना मी त्याच्याबरोबर होतो, असंही ग्रेगरी त्यात म्हणतो, आणि ते खोटं नाही.

‘काढून घेतला’ ही गोष्ट पसरली ती पुढच्या पिढ्यांत, दारिद्र्यावर अडून बसलेल्या भावांकडून. वाचताना साधनांचा क्रमही सांभाळा. फ्रान्सिसचं पहिलं चरित्र चेलानोच्या तोमासोने ग्रेगरीच्याच सांगण्यावरून लिहिलं. पुढे बोनाव्हेंचरने नवं लिहिलं, आणि १२६६ मध्ये पॅरिसच्या महासभेने हुकूम सोडला की आधीची सगळी चरित्रं नष्ट करावीत. काही प्रती बेनेडिक्टाइन आणि सिस्टर्शियन मठांच्या ग्रंथालयांत राहिल्या म्हणून वाचल्या. त्यामुळे कुठलंही आधुनिक पुस्तक वाचताना लेखक कोणत्या साधनावर उभा आहे ते आधी पाहा. मृत्युपत्र आणि दोन्ही नियमावल्या आधी वाचा, चरित्रं नंतर.

या भांडणाचा एक धागा आपल्याकडेही येतो. तोलेन्तिनोचा तोमासो हा मार्के भागातला भाऊ दारिद्र्यवाद्यांपैकी. आपल्याच संघाच्या वरिष्ठांनी त्याला साथीदारांसह तुरुंगात टाकलं होतं. १२९० च्या आसपास नव्या महाप्रमुखाने त्यांना सोडवून आर्मेनियाला पाठवलं. तिथून तो पूर्वेकडे सरकत राहिला आणि म्हातारपणी चीनला निघाला असताना जहाजाने त्याला ठाण्याला आणून सोडलं. सोबत पादुआचा जाकोमो, सिएनाचा पिएत्रो आणि तिफ्लिसचा देमेत्रिओ. ते तिथल्या नेस्टोरियन, म्हणजे रोमपासून वेगळ्या असलेल्या पूर्वेकडच्या चर्चच्या, ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले. यजमान नवरा-बायकोचं भांडण काझीपर्यंत गेलं, साक्षीदार म्हणून या परदेशी भावांची नावं पुढे आली, तिथे धर्माचा वाद निघाला, आणि एप्रिल १३२१ मध्ये चौघेही मारले गेले. जोर्दानुस या डॉमिनिकन धर्मगुरूने त्यांना सोपाऱ्याला पुरलं आणि नंतर पोर्देनोनेचा ओदोरिको त्यांच्या अस्थी चीनला घेऊन गेला. गोव्यात फ्रान्सिस्कन आले ते १५१७ मध्ये, म्हणजे दारिद्र्याच्याच प्रश्नावर पोप लिओ दहाव्याने संघाचे अधिकृतपणे दोन तुकडे केले त्याच वर्षी. ओल्ड गोव्यातलं असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च आणि बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांपाशी असलेले अवशेष त्यांचेच.

ठाण्याच्या घटनेनंतर पावणेतीन वर्षांच्या आत, १२ नोव्हेंबर १३२३ ला, पोप जॉन बाविसावा याने फर्मान काढलं की ख्रिस्ताकडे आणि त्याच्या प्रेषितांकडे, वैयक्तिक किंवा सामाईक, स्वतःचं असं काहीच नव्हतं असा आग्रह धरणं हे यापुढे पाखंड समजलं जाईल.